टाळेबंदीत जन्मलेली मुले बालवाडीच्या दारात



या पानावर आपण एरवी बेणे, खते आणि पाणी यांविषयी बोलतो. या वेळी विषय जरा निराळा आहे, पण तो प्रत्येकाच्या घरातला आहे.

लागणीच्या नोंदीसाठी पहूर, शेंदुर्णी भागात फिरताना एक तक्रार वारंवार कानी पडते. मध्यंतरी पहूर पेठेतील एक जुने सभासद नातवाचा हात धरून बांधावर उभे होते. पोरगं आजोबांच्या धोतरामागे लपलेलं. म्हणाले, "साहेब, हे घरात दिवसभर बडबडतं, पण अंगणवाडीत नेलं की तोंड उघडत नाही. ताईंनी नाव विचारलं तरी रडतं. डोक्यात काही कमी तर नसंल ना?" मी जन्मसाल विचारले. "करोनातलं आहे," एवढेच ते बोलले.

हे "करोनातलं" पोर आज गावोगाव आहे. 2020 साली जन्मलेली मुले 2023 मध्ये तीन वर्षांची होऊन अंगणवाडीत, बालवाडीत येऊ लागली. त्यामागोमाग 2021 ची आली. ही मुले मठ्ठ आहेत काय? तर नाही. मग त्यांचे अडले कुठे, ते नीट समजून घेऊ.

तो काळ आठवून पाहा

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली. पाचोऱ्याहून पहूरमार्गे जामनेरला जाणारी आपली छोटी गाडी त्याच महिन्यात थांबली, ती त्या रुळांवर पुन्हा धावली नाही. त्या वर्षी जन्मलेल्या पोरांनी ती पाहिलीच नाही. पण गाडीपेक्षा मोठी गोष्ट त्यांच्या वाट्याला आली नाही, ती म्हणजे माणसांची वर्दळ. बारसे घरच्या चार माणसांत उरकले. बाजार बंद, यात्रा बंद, मामाच्या गावाला जाणे बंद. शेजारीण आली तरी तोंडाला मास्क, आणि बाळाला कडेवर घ्यायची भीती. अंगणवाड्याही बंद होत्या. शिधा घरपोच मिळत होता. सप्टेंबर 2020 मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम निघाली, तेव्हा अंगणवाडीताई घरोघर आल्या, पण त्या ताप आणि प्राणवायू मोजायला.

मूल बोलायला शिकते ते समोरच्याचे ओठ आणि चेहरा पाहून. मिसळायला शिकते ते दुसऱ्या पोराशी खेळून, भांडून, हिसकाहिसकी करून. या पोरांना नेमके तेच कमी मिळाले.

अभ्यासकांना काय दिसले

आयर्लंड देशात साथीच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या 309 बाळांची पाहणी झाली. ती 2022 साली प्रसिद्ध झाली. वर्षाचे झाल्यावर एक तरी अर्थपूर्ण शब्द बोलणारी बाळे शंभरात 77 निघाली. साथीच्या आधीच्या बाळांत हे प्रमाण 89 होते. बोटाने वस्तू दाखवणे आणि टाटा करणे यांतही ती थोडी मागे होती. टाटा करणार कुणाला, घरी येणारे-जाणारेच नव्हते! मात्र रांगण्यात हीच बाळे पुढे होती, कारण दिवसभर घरात जमिनीवरच. म्हणजे जे मिळाले ते पोर शिकले, जे मिळाले नाही ते राहिले. दोन वर्षांची होईपर्यंत बहुतेक बाबतींत ती बरोबरीला आली. थोडी कसर राहिली ती बोलण्यात.

दुसरी पाहणी न्यूयॉर्कची. तीही 2022 सालचीच. साथीच्या काळात जन्मलेल्या 255 बाळांची सहाव्या महिन्यात तपासणी केली. हालचाल आणि माणसांत मिसळणे यांत ती आधीच्या बाळांपेक्षा किंचित मागे दिसली. पण गरोदरपणी आईला करोना झाला होता की नव्हता, याने काही फरक पडला नाही. आपल्याकडे काही घरांत "सुनेला करोना झाला म्हणून पोर असं निघालं" असे बोलले जाते. कृपा करून हा ठपका त्या माउलीवर ठेवू नका. या पाहणीत फरक दिसला तो आजाराने नव्हे, काळाने पडलेला.

आपल्याकडे एकत्र कुटुंबांत आजी-आजोबा, चुलते होते, ही जमेची बाजू. पण मळ्यात, वस्तीवर एकटे घर असेल तिथले पोर मात्र फारच एकटे वाढले. शिवाय घरात तावडी किंवा अहिराणी बोलणारे मूल अंगणवाडीत पुस्तकी मराठी ऐकून आधीच बुजते. तेव्हा गप्प बसणे म्हणजे अक्कल कमी, असे समजू नये.

घरी काय करावे

1. मुलाला अंगणवाडीत रोज पाठवा. एक दिवस पाठवले, दोन दिवस ठेवले, असे केल्यास त्याची भीड मोडत नाही. सुरुवातीचे काही दिवस आई किंवा आजीने जवळ बसावे, मग हळूहळू वेळ कमी करावी. चोरून निघून येऊ नये, सांगून यावे. अंगणवाडीला फी नाही, गरम आहार मिळतो. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते गरिबाच्या अंगणातल्या मुलांसाठीच. अंगणवाडी ही कमीपणाची जागा नव्हे.

2. पाटी-पेन्सिलीची घाई करू नका. या वयात गाणी, गोष्टी, मातीची बैले, तूर आणि हरभरा वेगळे करणे हाच अभ्यास. त्याने बोटे वळतात आणि जीभही वळते.

3. रडते म्हणून हातात मोबाईल देऊ नका. दोन वर्षांखालील मुलाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 सालीच सांगितले आहे. मोबाईल बोलतो, पण पोराचे ऐकत नाही.

4. तीन वर्षांचे मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा नजरेला नजर देत नसेल, तर "बोलंल मोठेपणी" म्हणून थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. पुष्कळदा दोष कानात असतो आणि नाव मात्र बुद्धीचे होते.

5. पहिलीत ढकलण्याची घाई नको. 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण, हा राज्याचा नियम. त्या हिशेबाने 2020 ची मुले जून 2026 ला पहिलीत, 2021 ची जून 2027 ला.

कोपीतली पोरे

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या कारखानदारीची आहे. मार्च 2020 मध्ये राज्यातल्या कितीतरी ऊसतोड कुटुंबांना टाळेबंदीने कारखान्यांवरच गाठले. एप्रिलमध्ये शासनाची परवानगी निघाली, तेव्हा कुठे ती गावी परतू लागली. त्या फडांवर जन्मलेली, वाढलेली मुलेही आज याच वयाची आहेत, आणि हंगामात त्यांची गावची अंगणवाडी सुटते. स्थलांतरित कुटुंबातील मुलाला जिथे असेल तिथल्या अंगणवाडीत आहार आणि प्रवेश मिळू शकतो. आपल्या शेतात तोड सुरू झाली की कोपीत सहा वर्षांखालील किती मुले आहेत, ते गावच्या ताईंना कळवा. आमच्या चिटबॉयला सांगितले तरी तो निरोप पोचवील. याला पैसा लागत नाही.

उगवण विरळ झाली म्हणून आपण वावर मोडत नाही. नांग्या भरतो, आणि त्या वेळेवर भरतो. उशीर झाला तर भोवतालच्या उसाच्या सावलीत ते रोप खुरटते. या मुलांच्या नांग्या भरण्याचे दिवस हेच आहेत. उद्या सकाळी बैलाला वैरण टाकून झाली की नातवाचा हात धरा आणि त्याला अंगणवाडीपर्यंत सोडून या, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग