गोड्या पाण्याचं बंदर

बंदर म्हटलं की समुद्रच डोळ्यांपुढे येतो. आपण राजेंद्र नगरवाले तर मुंबईला जाऊ तेव्हाच जहाज बघणार. पण बंदराला खारं पाणी लागतंच असं नाही. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी डुलुथ नावाचं शहर आहे. वस्ती लाखाच्या आत आणि अटलांटिक साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांब. तरीही तिथे समुद्रावरची जहाजं येतात. सरोवर समुद्रसपाटीपेक्षा बरंच उंच, मग जहाज चढतं कसं? वाटेत दोन्हीकडे दारं असलेले प्रचंड हौद आहेत. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी सोडायचं. पाण्याबरोबर जहाजही वर येतं. सेंट लॉरेन्सचा हा जलमार्ग १९५९ मध्ये मोठ्या जहाजांसाठी खुला झाला. डुलुथहून मुख्यतः लोहखनिज जातं.

(‘गालीलचा समुद्र’ही गोड्या पाण्याचाच तलाव आहे. लूक त्याला सरळ सरोवर म्हणतो.)

आपल्याजवळ असं काही आहे का? आहे ना, खंडवा जिल्ह्यात, नर्मदेवरचा इंदिरा सागर. पूर्ण भरला की सुमारे ९१३ चौरस किलोमीटर पाणी! त्याच्या काठावर हनुवंतियाला बोटींचा धक्का आहे, २०१६ पासून जल महोत्सव भरतो. माल नाही, फक्त पर्यटक. पण मला खरा फरक वेगळाच वाटतो. डुलुथला आधी सरोवर होतं, मग शहर आलं. इथे शहर आधी होतं.

त्याचं नाव हरसूद. हनुवंतियापासून वेगळं, पण याच जलाशयात गेलेलं. धरणाची पायाभरणी १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झाली. सप्टेंबर १९८९ मध्ये विरोध करायला हजारो लोक हरसूदला जमले. आपले बाबा आमटेही होते. धरण थांबलं नाही. ३० जून २००४ पर्यंत गाव रिकामं करा, असा हुकूम निघाला आणि लोकांनी स्वतःच्या हातांनी आपली घरं पाडली. विजय मनोहर तिवारींच्या हिंदी पुस्तकाचं नावच ‘हरसूद ३० जून’ आहे. मुंबई-इटारसी रेल्वेमार्गसुद्धा वळवावा लागला. नवं हरसूद छनेरा इथे वसवलं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे पडके अवशेष वर येतात. तेव्हा हरसूदकर तिथे जातात, आपलं घर नेमकं कुठे होतं ते शोधत.