गुण एकाचे, नाव दुसऱ्याचे

गुणपत्रक वेबपानावर भरताना असा प्रकार घडू शकतो. चाळीस मुलांचे गुण भरून झाले. एका रकान्यात आकड्याऐवजी चुकून अक्षर पडलं, पानानं ती चूक लाल अक्षरांत दाखवली. तेवढ्यात लक्षात आलं की बारावा मुलगा शाळा सोडून गेला आहे, म्हणून त्याची ओळ काढून टाकली. खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली. गुण मात्र जागचे हलले नाहीत! तेराव्या मुलीच्या नावापुढे बाराव्याचे गुण, चौदाव्यापुढे तेराव्या मुलीचे, असं शेवटपर्यंत. पडद्यावर सगळं नीटनेटकं दिसत असल्यामुळे चूक पटकन लक्षातही येत नाही.

असं का होतं? त्यासाठी फॉर्म कसा बनतो ते पाहायला हवं.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक मागणी नवी. ही उणीव भरून काढायला जावा भाषेत काही चौकटी तयार झाल्या. ‘विकेट’ ही त्यांपैकी एक. (क्रिकेटशी हिचा संबंध नाही.) जोनाथन लॉक यांनी २००४ मध्ये ती सुरू केली आणि २००७ मध्ये ती अपाची संस्थेचा प्रमुख प्रकल्प झाली. विकेटमध्ये पानावरच्या प्रत्येक रकान्यासाठी, बटणासाठी, ओळीसाठी सर्व्हरवर एक घटक असतो. पानाच्या पोटात फॉर्म, फॉर्मच्या पोटात ओळी, ओळीच्या पोटात रकाने, अशी ती वंशावळ.

रकान्याच्या घटकाला दोन गोष्टी ठाऊक असतात. एक म्हणजे मूळ नोंद कुठे आहे ते. दुसरी, आपण आत्ता टंकलेला कच्चा मजकूर. फॉर्म पाठवला की आधी सगळा कच्चा मजकूर घटकांकडे जातो, मग तपासणी होते. एकही रकाना चुकला तर मूळ नोंदींपैकी कशालाच हात लावला जात नाही, आणि सगळ्या रकान्यांचा कच्चा मजकूर जपून ठेवला जातो. हे शहाणपणाचंच आहे. नाहीतर एका चुकीसाठी चाळीस आकडे पुन्हा भरावे लागले असते.

आता प्रश्न ओळींचा. त्या किती असतील हे आधी माहीत नसतं, म्हणून ‘लिस्टव्ह्यू’ नावाचा घटक यादी पाहून ओळी तयार करतो. एरवी तो पान दाखवताना दर वेळी जुन्या ओळी टाकून नव्या बनवतो. नुसती यादी दाखवायची तर हे सोयीचं, पण फॉर्ममध्ये ओळींबरोबर कच्चा मजकूर आणि चुकीचा इशारा दोन्ही जातात. म्हणून फॉर्ममध्ये ‘सेट-रियूज-आयटम्स’ ही सूचना देऊन जुन्याच ओळी वापरायला सांगतात.

आपली अडचण इथेच जन्मते. जुनी ओळ ‘मी बारावी’ एवढंच जाणते, ‘मी अमक्या मुलाची’ हे नाही. बारावं नाव यादीतून गेलं की बाराव्या ओळीला यादीत तेरावं नाव दिसतं, पण पोटातला कच्चा मजकूर बाराव्याचाच. आणि एक ओळ जास्त झाली म्हणून शेवटची काढून टाकली जाते! उत्तरपत्रिका मुलांच्या हातात न देता बाकांना चिकटवल्या आणि मग मुलांना एकेक बाक पुढे सरकवलं, तर असंच होईल.

सगळ्या ओळी मोडून नव्यानं बांधल्या तर गोंधळ टळतो, पण न जपलेले आकडे जातात. माझ्या मते बरा उपाय म्हणजे ‘रिफ्रेशिंगव्ह्यू’. त्याला ‘नोंद तीच असेल तरच ओळ पुन्हा वापर’ असं धोरण सांगता येतं. मात्र दोन नोंदी एकाच मुलाच्या आहेत हे कशावरून ठरवायचं, ते आपण सांगावं लागतं. नाव चालणार नाही, वर्गात दोन प्रिया असतात. हजेरी क्रमांकही मुलगा गेल्यावर बदलू शकतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक त्या शाळेत बदलत नाही, तो घ्यावा.

पूर्ण पान न बदलता फक्त ओळींचा भाग ताजा करायचा असेल, तर आणखी एक मेख आहे. लिस्टव्ह्यूला पानावर स्वतःचं असं एक शरीर नसतं, ओळी तेवढ्या असतात. म्हणून त्याला एका वेष्टनात ठेवून, वेष्टनाला ओळखचिन्ह देऊन, ते सबंध वेष्टन बदलावं लागतं. बदलताना ब्राउझरमधले टंकलेले पण न पाठवलेले आकडे पुसले जातात, कारण सर्व्हरला ते कळलेलेच नसतात. तेव्हा ‘ओळ वाढवा’ हे साधा दुवा न ठेवता फॉर्म पाठवणारं बटण ठेवावं.