माल निवडायचा कोणी?

ग्राहक सहकारी भांडाराची परीक्षा आपण सामान्यतः दोनच कसोट्यांवर करतो : भाव बाजारापेक्षा कमी आहेत काय, आणि वर्षअखेर लाभांश किती मिळाला. तिसरी कसोटी क्वचितच लावली जाते. भांडारात कोणता माल ठेवायचा, हे ठरवतो कोण?

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर १८४४ मध्ये विणकर व अन्य कारागिरांनी आपले दुकान उघडले, तेव्हा लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल त्यांच्यापाशी होता. भांडवलच तुटपुंजे होते, हे खरे. परंतु भेसळीच्या व उधारीच्या त्या काळात शुद्ध माल, पुरे माप आणि रोख व्यवहार हा त्यांनी जाणून घेतलेला निर्णय होता. जपानमध्ये सेइकात्सु क्लबची सुरुवात १९६५ साली टोकियोतील गृहिणींनी एकत्रितपणे दूध विकत घेण्यापासून झाली. एका वस्तूचे दहा प्रकार मांडण्यापेक्षा पारखून घेतलेला एखादाच प्रकार ठेवावा आणि मागणी आगाऊ नोंदवावी, ही तेथील रीत. मुंबई ग्राहक पंचायतीने तर १९७५ पासून दुकानाचाच मार्ग टाळला. शेजारच्या कुटुंबांचा संघ महिन्याची मागणी नोंदवतो आणि आलेला माल आपसांत वाटून घेतो.

याउलट जेथे ही निवड केवळ व्यवस्थापकावर सोपवली जाते, तेथे अधिक कमिशन आणि लांब मुदतीची उधारी देणाऱ्या विक्रेत्याचा माल पुढे येण्याचा धोका असतो. ‘गिऱ्हाईक मागते तेच आम्ही ठेवतो’ हे उत्तर अगदीच पोकळ नव्हे. न खपणारा माल ठेवून नोकरांचा पगार निघत नाही. पण मागणीही पुष्कळदा जाहिरातीने घडवलेली असते. शिवाय सर्वांची गरज सारखी नसते. अधिकाऱ्याला बासमती हवा असतो, शिपायाला निवडलेला पण स्वस्त तांदूळ. जागा व भांडवल मर्यादित असताना अग्रहक्क कोणाचा, हा प्रश्न हिशेबाचा नसून न्यायाचा आहे.

म्हणून प्रत्येक भांडारात सभासदांची, विशेषतः घरखर्च सांभाळणाऱ्या स्त्रियांची, दरवर्षी बदलणारी निवड समिती असावी. तिने नमुने शिजवून, तोलून पाहावेत आणि स्वीकार वा नकाराची कारणे फलकावर लावावीत. लाभांशाच्या आकड्यापुरतेच वार्षिक सभेत हात वर करणारा सभासद मालक म्हणवतो खरा. वागतो मात्र गिऱ्हाइकासारखा.