पॉवर बँक हातातल्या पिशवीतच का?



शहापूर किंवा मुरबाडहून निघून मुंबईला विमानात बसायचे असेल, तर हातात धरून खेळायचा गेम आणि त्याची पॉवर बँक कोठे ठेवाल? कपड्यांच्या मोठ्या बॅगेत ठेवलीत, तर तपासणीत ती बॅग अडविली जाईल. पॉवर बँक व सुटे लिथियम घट हातातल्या पिशवीतच हवेत, असा नियम आहे. धोक्याची वस्तू मालकक्षात न ठेवता माणसांजवळ ठेवायची, हे उलटेच नाही का? त्याचे कारण पाहू.

भाताची झोडणी झाल्यावर ओलसर पेंढा घट्ट रचला, तर काही दिवसांनी आत हात घातल्यावर ऊब लागते. सूक्ष्मजीवांमुळे निर्माण झालेली उष्णता बाहेर पडू शकत नाही, ती साठत जाते. लिथियम-आयन घटातही उष्णता अशीच साठते, पण फार झपाट्याने. त्याच्या धन व ऋण अग्रांमध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो आणि आतील द्रव ज्वालाग्राही असतो. घट चेपला किंवा त्याची टोके किल्लीसारख्या धातूच्या वस्तूने जोडली गेली, तर जोराचा प्रवाह वाहून तो तापतो. पडदा वितळतो. मग रासायनिक क्रियेने उष्णता वाढते आणि उष्णतेने क्रियेचा वेग!

मालकक्षात आग लागल्यास हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाला शमवितो, पण घटाला थंड करीत नाही. आतील क्रिया चालूच राहते. प्रवाशांच्या कक्षात मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून घट थंड करू शकतात. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात, ते जमिनीवरच असताना, एका प्रवाशाजवळील इलेक्ट्रॉनिक उपकरणाने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी आग तत्काळ विझविली. कोणालाही इजा झाली नाही.

आता थोडे गणित. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास आहे. पॉवर बँकेवर २०,००० मिलिअँपिअर-तास लिहिले असेल, तर २० अँपिअर-तास × ३.७ व्होल्ट = ७४ वॉट-तास; म्हणजे चालेल. ३०,००० असेल, तर १११ वॉट-तास होतात. विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागेल. निन्टेंडो स्विच या गेमचा घट जेमतेम १६ वॉट-तासांचा असतो.

सुट्या घटांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेला घट बरोबर नेऊच नका. विमानाच्या दाराशी हातातली पिशवी मालकक्षासाठी मागितली, तर पॉवर बँक आधी काढून घ्या. गेम आसनाच्या फटीत पडला, तर आसन न हलविता कर्मचाऱ्यांना बोलवा. चेपलेला घट पेटू शकतो.

तुमच्या घरातील पॉवर बँक किती वॉट-तासांची आहे? आजच आकडेमोड करून पाहा!