डीजेचा बेस छातीत का वाजतो?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या सिल्लोड तालुक्यात लग्नसराई सुरू होते आणि गल्लोगल्ली डीजे वाजू लागतो. दार लावलं, कानात कापूस घातला, तरी मांडणीवरची भांडी थरथरतात, छातीत धडधडतं. असं का होतं हे कळलं, तर सुपारी देतानाच काय बोलायचं तेही कळेल. म्हणून आज आम्ही बेसच्या त्या मोठ्या खोक्यांबद्दल बोलणार आहोत.

आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. तबला बारीक बोलतो, डग्गा घुमतो. घुमणाऱ्या आवाजाची थरथर संथ असते, पण तो मोठा ऐकू यायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. म्हणून बेसच्या खोक्यातला पडदा मोठा, डीजेकडे बहुधा १८ इंची असतो.

हाच पडदा खोक्याबाहेर काढून वाजवला तर घुमणार नाही. तो पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ होते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. खोकं मागची लाट अडवतं. पुष्कळ खोक्यांना भोक किंवा फटही असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा, ती घुमते. अर्धी पाण्यानं भरली की आवाज बारीक होतो. तसंच खोक्यातली हवा आणि भोक यांचं माप जुळवून घुमारा वाढवलेला असतो.

आता दार लावून उपयोग का होत नाही? सेकंदाला ५० वेळा थरथरणाऱ्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. एवढी लांब लाट खोक्याला वळसा घालून मागेही जाते. पत्रा, दार, कापूस तिला फारसं अडवत नाहीत. म्हणून खोक्यांचं तोंड फिरवूनही फरक थोडाच पडतो.

फरक पडतो तो संख्येनं आणि अंतरानं. दोन बेसचे चार केले, तेवढ्याच जोरात शेजारी शेजारी वाजवले, तर आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो साधारण तेवढाच उतरतो. म्हणजे जो दणका ५० मीटरवर बसायचा, तो आता १०० मीटरवरच्या घरातल्या तान्ह्या बाळाला आणि गोठ्यातल्या गाईलाही बसणार.

तेव्हा डीजे ठरवताना चार गोष्टी आधीच सांगा. बेसची खोकी कमी आणा. ती भिंतीला टेकून किंवा अरुंद बोळात लावू नका, तिथे घुमारा वाढतो. मोकळ्या मैदानात, घरांपासून लांब लावा. आणि बेसचं बटण खाली ठेवा. त्यानं गाण्याचे शब्द उलट स्पष्ट ऐकू येतात.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला मनाई आहे. कुणी ऐकलंच नाही तर ११२ वर फोन करता येतो.

कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. लग्न आनंदानं करू, वाजतगाजतही करू. पण वरातीपुढे नाचणाऱ्या आपल्याच लेकरांचे कान सांभाळून. पुढच्या गटाच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.