झोत ढळू नये म्हणून

भूस्थिर कक्षेतला दळणवळण उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तिथून अँटेनाचा नेम अंशाच्या दहाव्या हिश्शाने चुकला, तरी जमिनीवर रेडिओ लहरींचा झोत साठेक किलोमीटर सरकतो. पूर्वी देशभर एकच रुंद झोत टाकत, तेव्हा एवढी चूक खपून जाई. डिसेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या भारताच्या जीसॅट-११ने मात्र ग्राहकांसाठी देश ३२ छोट्या झोतांत वाटून घेतला आहे. शेजारच्या झोतांना वेगळी वारंवारता, लांबच्यांना पुन्हा तीच, अशा वाटपामुळे तेवढ्याच स्पेक्ट्रममधून कितीतरी जास्त माहिती जाते. नेम चुकला की हा हिशेब बिघडतो.

खरा फटका बसतो तो कडेच्या ग्राहकाला. झोताची रुंदी ०.६ अंश धरली, तर ०.१ अंशाच्या चुकीने मध्यावरच्या ग्राहकाला मिळणारी शक्ती जेमतेम सात टक्के घटते. कडेवर मात्र ती सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरते. शिवाय त्याच वारंवारतेच्या दुसऱ्या झोताचा व्यत्यय वाढतो, तो वेगळाच.

चुकीचे दोन भाग पडतात. उपग्रहाचे धड किंचित डोलते, विशेषतः कक्षा सांभाळण्यासाठी थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिने, पेटवली जातात तेव्हा. दुसरा भाग जास्त चिवट. अँटेनाची तबकडी आणि तिचा दांडा उन्हात तापतात, सावलीत गारठतात आणि केसभर वाकतात. विषुवदिनांच्या आसपास उपग्रह रोज रात्री पृथ्वीच्या छायेत शिरतो, कधी कधी तब्बल ७२ मिनिटे. तबकडी कार्बन तंतूंची असली, तरी हा बदल पुरता टळत नाही. तारे पाहून दिशा ठरवणारा संवेदक धडाची दिशा अचूक सांगतो. वाकलेल्या तबकडीची त्याला खबरच नसते.

म्हणून तबकडीलाच विचारावे लागते. जमिनीवरचे एक केंद्र खुणेच्या ठरावीक लहरी (बीकन) वर पाठवते. तबकडीच्या नाभीशी शेजारी शेजारी बसवलेले चार कर्णे त्या टिपतात. नेम बरोबर असेल तर चौघांना सारखाच संकेत मिळतो. डाव्या जोडीतून उजवी वजा केली की आडवी चूक कळते, वरच्यातून खालची वजा केली की उभी. बाकी शून्य होईपर्यंत दोन अक्षांवरच्या स्टेपर मोटरी तबकडी कलवतात. तबकडी जितकी कलते, त्याच्या जवळपास दुप्पट झोत वळतो, त्यामुळे मोटरीचे पाऊल फार बारीक लागते. प्रत्येक तबकडी आपापल्या तऱ्हेने वाकते; म्हणून मोठ्या उपग्रहांवर ही सोय तबकडीगणिक करणे श्रेयस्कर.

रोजची तापमानाची चाल बरीचशी ठरलेली असल्याने दुरुस्तीचे आकडे आधीच काढून नियंत्रण केंद्रातून वर पाठवता येतात. हा मार्ग स्वस्त, पण थ्रस्टरच्या अवचित धक्क्यापुढे लुळा. उलट, बीकन पाहून बारीकसारीक चुकीमागे मोटर सतत धावली तर झिजते, आणि ती बदलायला तिथे कोणी जाणार नसते. त्यामुळे ठरलेल्या मर्यादेच्या आतली चूक मुद्दाम तशीच सोडून दिली जाते.