घरी मोटार जोडायला वेळ किती?

मोटार कारखान्यातच तयार होते, अशी आपली समजूत. पण इंग्लंडात १९५७ साली निघालेली ‘लोटस सेव्हन’ सुट्या भागांत मिळे व गिऱ्हाईक ती घरी जोडी. सुट्या भागांवर खरेदीकर नसल्याने ती स्वस्त पडे. १९७३ मध्ये करपद्धती बदलून ही सवलत संपली. त्याच वर्षी कॅटरहॅमने ती गाडी बनवण्याचे हक्क घेतले.

जोडणीला साधारण ८० ते १०० तास लागतात. रोज आठ तास दिले तर बारा दिवस; नोकरी सांभाळून आठवड्याला आठच तास मिळाले, तर तीन महिने!

हा हिशेब मी ट्रॅक्टरदुरुस्ती करणाऱ्या वडिलांना ऐकवला. ते म्हणाले, “पोरा, बोल्ट आवळायला वेळ न्हाई लागत, चुकीचा आवळलेला सोडवायला लागतो.”

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. पण हे गणित त्यांनीच पुरे केले.